मामाकुळी विचारणारी उमेदवार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या शिक्षण मंडळाचे सर्वेसर्वा माननीय नानासाहेब; त्यांच्या शेजारी बसलेले, व्यक्तिमत्त्व विकासाचे तज्ज्ञ म्हणून दर भरतीला पुण्याहून आवर्जून येणारे सन्माननीय पाहुणे; माझे सहकारी, शिपाई बांधव, आणि मागं दाटीवाटीनं बसलेल्या वसतिगृहातल्या मुलींनो, आपल्या सर्वांना माझा नमस्कार.

आत्तापर्यंतच्या वक्त्यांनी मला ऋषी म्हटलं, दीपस्तंभ म्हटलं, एकानं तर वटवृक्ष म्हटलं. मी फिजिक्स शिकवत होतो, एवढं मात्र कुणाच्या तोंडून आलं नाही. असो. शाल चांगली आहे. मे महिन्यात संभाजीनगरात शाल पांघरून उभं राहणं हीसुद्धा एक तपश्चर्याच, तेव्हा ऋषी शब्द मी मान्य करतो.

निरोपाच्या भाषणात जुन्या आठवणी सांगायचा रिवाज आहे. माझी आठवण जुनी नाही. मागच्याच आठवड्यातली आहे. मुलींच्या वसतिगृहाला कायमस्वरूपी अधीक्षिका नेमायची म्हणून मुलाखती झाल्या. निवड समितीत आम्ही तिघं होतो: नानासाहेब, आपले तज्ज्ञ पाहुणे, आणि ज्येष्ठ शिक्षक म्हणून मी. उमेदवार दोन. एक सिडकोतल्या सुशिक्षित बाई. दुसऱ्या आपल्या आशाबाई, ज्या गेली कित्येक वर्षं हंगामी म्हणून हेच काम करतायत. मुलींनो, टाळ्या नंतर वाजवा, अजून काही झालेलं नाही.

तज्ज्ञांचा पहिला प्रश्न ठरलेला. "स्वतःविषयी थोडक्यात सांगा." मी आपल्याला विचारतो, हा काय प्रश्न झाला? काय विचारावं ते सुचलं नाही की माणूस हा प्रश्न विचारतो, आणि घाम समोरच्यानं पुसायचा. शिवाय थोडक्यात! स्वतःविषयी थोडक्यात बोललेला माणूस मला तरी या व्यासपीठावर आढळला नाही.

सिडकोच्या बाई तयारीनं आल्या होत्या. "मी एक ध्येयवादी, सकारात्मक आणि संघभावनेनं काम करणारी व्यक्ती आहे." तज्ज्ञांची मान डोलली. नानासाहेबांची मान तज्ज्ञांकडं बघून डोलली. मी त्या बाईंना बोल लावत नाही. माझाच एक जुना विद्यार्थी औरंगपुऱ्यात मुलाखतींचे क्लास घेतो, तिथं हे वाक्य घोकून घेतात. दहावीला मी त्याला प्रकाशाचं परावर्तन शिकवलं होतं, ते काही त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. हे बरं जमलं.

मग आशाबाई आल्या. खुर्चीच्या कडेला बसल्या, पदर सारखा केला. प्रश्न तोच. आणि बाईंनी सुरुवात केली, "मी आशाबाई. माहेर फुलंब्रीकडचं, सासर अजिंठ्याच्या अलीकडं. आमी मेंढरंवाले. सासरे सोनाजी, त्यांचा लई मोठा कळप व्हता, आता नाय. चुलते दोन, दोघं येगळे, पण भांडान नाय. घरात कुणाला यसन नाय. मामाकुळी पैठणची." एवढं सांगून त्या थांबल्या आणि अगदी अदबीनं म्हणाल्या, "आन नानासाहेब, तुमची मामाकुळी कुठली वो?"

नानासाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. तज्ज्ञ माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बाई मर्यादा ओलांडतायत."

मंडळी, तज्ज्ञ पुण्याचे आहेत, त्यांना माहीत नसेल. पण नानासाहेब, आपण तर इथलेच ना? आपल्याकडं माणसाला स्वतःविषयी विचारतात ते सोयरीक जुळवताना. तिथं कुणी आपल्याच तोंडानं आपली टिमकी वाजवायला लागला तर पाहुणे चहा न घेता उठतात. तिथं घराणं सांगायचं असतं, आईच्या माहेरापर्यंत, म्हणजे मामाकुळीसकट. आणि आपलं सांगून झालं की समोरच्याचंही विचारायचं असतं, नाहीतर तो त्यांचा अपमान. त्या बाईनं तुम्हाला मान दिला. तुम्ही त्याला उद्धटपणा म्हणून नोंदवलंत. आपल्याच माणसाची रीत आपल्याला ओळखू येऊ नये, यासाठी केवढं व्यक्तिमत्त्व विकसित करावं लागत असेल!

दुसरा प्रश्न. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता?" सिडकोच्या बाई म्हणाल्या, "आपल्या संस्थेच्या व्यवस्थापनात." वा! आशाबाई म्हणाल्या, "हितंच की. अजून कुठं? पोरी बदलत्याल, मी हितंच." यावर शेरा काय पडला असेल? महत्त्वाकांक्षेचा अभाव. वसतिगृह सोडून कुठंतरी जायची इच्छा नसणं हा वसतिगृहाच्या अधीक्षिकेचा दुर्गुण ठरला.

आता तिसरा प्रश्न ऐका, त्याच्यासाठीच मी उभा आहे. "तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?" माझा तो क्लासवाला विद्यार्थी सांगतो, "सर, दोष असा सांगायचा की तो गुण वाटला पाहिजे." त्याप्रमाणे सिडकोच्या बाई म्हणाल्या, "मी कामात इतकी बुडून जाते की मला जेवणाचंही भान राहत नाही." तज्ज्ञ खूश. अहो, जिला स्वतःच्या जेवणाचं भान नाही, ती एवढ्या मुलींच्या ताटाकडं काय बघणार? पण हे विचारायचं नसतं. हे विचारलं तर मुलाखत होईल.

आशाबाईंनी मात्र थोडा विचार केला. खरंच केला, मी बघत होतो. मग म्हणाल्या, "राग. मला राग लई. मागल्या साली त्यो भाजीचा ठेकेदार न इचारता पोरींच्या खोल्यांकडं चढला. सकाळची येळ, पोरी अंघोळीला चाललेल्या. म्या त्याला जिन्यातच थोबाडीत हाणली. पुन्हा आला तर पुन्हा हाणीन. दोष इचारला म्हनून सांगितलं."

तज्ज्ञ हसून म्हणाले, "ताई, पण हा प्रश्न संवादानं सुटला असता, असं नाही वाटत?"

आशाबाई म्हणाल्या, "साहेब, संवाद होस्तोवर त्यो वर गेला असता."

हे उत्तर ऐकून मी उठून उभं राहायला हवं होतं, पण समितीच्या सदस्यानं खुर्चीतच बसायचं असतं. शेरा पडला: भावनिक नियंत्रण नाही, पदास अयोग्य. मुलींच्या वसतिगृहावर नेमायच्या बाईबद्दल! नानासाहेब, आपल्या घराच्या राखणीला आपण भुंकण्यावर नियंत्रण असलेलं कुत्रं पाळता का? आणि तो ठेकेदार कुठं आहे म्हणाल, तर त्याच्या भावना उत्तम नियंत्रणात आहेत. भाजीचा ठेका त्याच्याचकडं आहे. आज कार्यक्रमानंतर आपण सगळे जी वांग्याची भाजी खाणार आहोत, ती वांगी त्याचीच.

मला या संस्थेची सुरुवात ऐकून माहीत आहे. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन गेली, मुलींना मराठीतून शिकवायची लोकांना हिंमत आली, तेव्हा चार पत्र्यांखाली हे वसतिगृह निघालं. पहिल्या अधीक्षिका चतुराबाई. त्यांना तेव्हाच्या लोकांनी एकच विचारलं म्हणे, "बाई, रझाकारांच्या दिवसांत तुम्ही गल्लीतल्या पोरी कुठं लपवल्या होत्या?" चतुराबाईंनी सांगितलं, आणि त्याच दिवशी किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. ते लोक पाटीवर शिकलेले होते. व्यक्तिमत्त्व नव्हतं त्यांना.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि मग मी आपल्याला जेवायला सोडतो. आपल्या मंडळाच्या घटनेप्रमाणे निवड एकमतानं व्हावी लागते. तिघांच्या सह्या लागतात. सिडकोच्या बाईंच्या नावावर दोन झाल्यात. काल नानासाहेब मला म्हणाले, "सर, उद्या निरोप, तेवढी सही करून मोकळे व्हा." मी "बघतो" म्हटलं. मी बघितलं. आज ऑफिस सुटेपर्यंत मी समितीचा सदस्य आहे आणि मी सही करणार नाही. म्हणजे निवड रद्द, मुलाखती नव्यानं, आणि तोवर आशाबाई आहेत तिथंच. यानं मी काही जिंकलो असं नाही. पुढच्या समितीत मी नसणार, आणि तज्ज्ञ पुन्हा येतील. फक्त आता हे सगळ्यांना कळलंय, तेव्हा पुढच्या खेपेला तुम्हाला या मुलींच्या देखत आशाबाईंना नापास करावं लागेल. बघू जमतं का.

मघाशी नानासाहेबांनी मला मानद मार्गदर्शक नेमल्याची घोषणा केली. त्याबद्दल आभारी आहे. आता ती मागं घ्यायची असेल तर संकोच करू नये. शाल ठेवून घेतो.

आशाबाई या सभागृहात नाहीत. मी सकाळी बोलावलं, तर म्हणाल्या, "सगळे तिकडं गेल्यावर फाटकाशी कोण ऱ्हाईल?" तेव्हा मुलींनो, आज इथं जे बोललो ते जाऊन त्यांना सांगा, आणि सांगताना त्यांची भाजी गरम ठेवा.

मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, माझ्या तिरकस जिभेसकट, त्याबद्दल आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा अवमान झाला असेल, शब्द कमी-जास्त गेला असेल, तर म्हाताऱ्या मास्तराचं बोलणं म्हणून पोटात घाला. माफी मागतो ती बोललेल्या शब्दांची. न केलेल्या सहीची नाही.