निदाल सरांच्या घरची कॉफी

करक शहरातल्या सरकारी दवाखान्यात, कानाच्या डॉक्टरांच्या दाराशी दोन मास्तर माझ्यापुढे बसले होते. एक पिकलेला, एक तरुण.

“पोरानं भर वर्गात तुझ्या थोबाडीत मारली, निदाल. आणि तू तक्रार मागे घेतलीस?”

“मी कुठे घेतली, अबू लैस? त्याच्या घराण्यातले सगळे वडीलधारे घरी आले. पुढ्यातल्या कॉफीला कुणी हात लावेना.”

“मागणं मान्य होईपर्यंत कसे लावतील?”

“मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, ‘प्या कॉफी, तुमच्या शब्दाबाहेर नाही आम्ही.’ झालं. सगळ्यांनी कप उचलले.”

“मुख्याध्यापकांना सांगायचंस.”

“ते पाहुण्यांतच बसले होते.”

“आणि पोरगा?”

“दुसऱ्या दिवशी वर्गात हजर. मी फळ्याकडे वळलो की मागून म्हणतो, ‘सर, आमच्या लोकांना तुमची कॉफी फार आवडली.’ सगळा वर्ग खिदळतो.”

“कानाचं काय म्हणतात डॉक्टर?”

“पडदा फाटलाय. डाव्या बाजूचं काही ऐकू येत नाही. शिवता येईल म्हणतात.”

“मग घे की शिवून.”

“सुट्ट्या लागू देत. तोवर हाच कान वर्गाकडे करून उभा राहतो.”