आठाला त्रेचाळीस

नाही, मला एक सांगा, तुमच्यापैकी कुणी कधी स्वतःच्या गाडीला मागून येताना ऐकलंय? म्हणजे तुम्ही तुमच्याच गाडीत बसलाय, गाडी बंद पडलीय, आणि मागून तिचाच आवाज येतोय! मी ऐकलाय. कळव्याच्या पुलावर, भर दुपारी! आणि हे केलं कुणी? आनंदाने! आनंदा म्हणजे कोण? आपला माणूस!

थांबा, असं नाही कळायचं... तुम्हाला सांगतो. मी त्र्यंबक, राहणार नौपाडा, आणि माझ्याकडे आहे वडिलांची बासष्ट सालची पिकअप. आमच्या आळीची नवरात्रातली देवी कळव्याच्या कारखान्यातून दरवर्षी याच पिकअपमधून येते. पुढे ढोल, मागे बायका, गाडी माणसाच्या पावलाने. आणि आळीचा कायदा काय? देवीची गाडी वाटेत बंद पडता कामा नये, आणि ज्याच्या गाडीतून देवी मांडवात उतरेल त्याच्या घरच्या बाईने पहिली ओटी भरायची. आधी माझी आई भरायची, मग वासंती, म्हणजे आमची ही, भरते... भरायची!

आता त्या गाडीच्या मागच्या आसाच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात. मोठं ते क्राऊन, धाकटं ते पिनियन. आमचं पिनियन आठ दातांचं, क्राऊन त्रेचाळीस. याचा अर्थ काय, तर इंजिन पाचाहून जास्त गिरक्या घेणार तेव्हा चाक एकदा फिरणार. ओढायला बैल, पळायलाही बैलच! त्यात वडिलांनी एकदा खड्ड्यात घालून एक दात टवकलेला, त्यामुळे चढणीला आवाज यायचा, ऊंऽऽऽ-टक, ऊंऽऽऽ-टक! अख्खा नौपाडा ओळखायचा, आला त्र्यंबक!

पण वासंतीला माहेरी अलिबागला जायचं असलं की तोंड फुगायचं. “अहो, अलिबागच्या वाटेवर सायकलवाला आपल्याला मागे टाकतो, आणि वर वळून बघतो! मला मेल्याहून मेल्यासारखं होतं!” मी तरी काय करू? मी आनंदाला विचारलं. शेजारी, शाळेपासूनचा दोस्त... आपला माणूस!

आनंदा चहाची बशी हलवत म्हणतो, “त्र्यंबक, जमाना कुठे चाललाय रे? अकराला एकेचाळीसची जोडी टाक! इंजिन गुणगुणेल, गाडी पळेल, वहिनी माहेरी दुपारच्या जेवणाला!” म्हटलं, अरे पण देवी? पुलाची चढण? पावलाची चाल? “हॅ! देवी काय वजनाची आहे? देवी स्वतः ओढून घेते रे!” आता देवीचं नाव मध्ये आणल्यावर माणसाने बोलावं काय, सांगा!

तरी मी कोलशेतच्या दगडू मिस्त्रीकडे गेलो. म्हटलं, दगडू, खरं सांग, कुठली जोडी? दगडू कान खाजवत म्हणतो, “ओढायचं आसंल तं जुनी चांगली, पळवायचं आसंल तं नवी चांगली. तुमी बोला ती बसवतो.” झालं! डॉक्टरने रोग्याला विचारावं, कुठलं औषध देऊ? मी दिवसचे दिवस घोळत बसलो. जेवताना आठाला त्रेचाळीस, आंघोळीला अकराला एकेचाळीस... आणि आनंदा रोज येऊन, “टाकलीस? अजून नाही? अरे टाक!” माझ्या गाडीची एवढी काळजी! मला तर भरून यायचं हो! म्हटलं, याला म्हणतात आपला माणूस!

टाकली. आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या रविवारी अलिबागला गेलो, काय पळाली! वासंतीने एका सायकलवाल्याकडे वळून बघितलं! जुनी जोडी दगडूकडेच टाकून आलो. लोखंडाचा तुकडा, तो घरी आणून काय देव्हाऱ्यात ठेवायचा?

ठेवायला हवा होता!

घटस्थापनेचा दिवस. देवी बसली, ढोल सुरू, गाडी पुलाच्या चढणीला लागली... आणि पावलाची चाल आली. आता ही नवी जोडी पळणारी, तिला चालता कुठे येतंय? क्लच दाब, सोड, दाब, सोड... जळका वास! वासंती मागून ओरडतेय, “अहो, धूर!” ढोलवाले सावकाशच चाललेत, आणि माझी गाडी एक आचका देऊन... बंद! देवी पुलावर! सगळी आळी माझ्याकडे बघतेय, आणि तेवढ्यात मागून... ऊंऽऽऽ-टक. ऊंऽऽऽ-टक.

अंगावर काटा आला हो! वळून बघतो, तर हिरवीगार पिकअप, बोनेटला झेंडूचा ताजा हार, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, आणि स्टिअरिंगवर कोण? आनंदा! रविवारी रविवारी डोंबिवलीला मेव्हण्याकडे जातो म्हणायचा, तो तिथे भंगारातली पिकअप उभी करत होता! तिला मागचा आस होता, दात नव्हते! म्हटलं, आनंदा, हे काय? तर म्हणतो, “अरे, देवीचं काम अडू नये, म्हणून असावी एक हाताशी!” हाताशी! आणि केळीचे खुंट काय वाटेत उगवले?

देवी त्याच्या गाडीत गेली. पहिली ओटी त्याच्या सुमेधाने भरली. वासंती खण-नारळ घेऊन मागे उभी. फार लागलं हो मला.

आणि आरती झाल्यावर हा माझ्या खांद्यावर हात टाकून काय म्हणतो? “त्र्यंबक, मागून टक-टक येतंय रे. टवकलेला माल गळ्यात मारला त्या दगडूने! इतक्या वर्षांचा आपला माणूस, असा फसवतो?”

म्हटलं, जाड तेल घाल. पातळ तिला सोसत नाही.

तो घालतोय होय! आता मीच डबा घेऊन जातो, गाडीखाली आडवा होतो, तेल घालून येतो. वासंती विचारते, लाज नाही वाटत? वाटते. पण काय करणार, शेवटी आपलं माणूस आहे... अहो, आनंदा नव्हे! ती जोडी!