सुरुचीवहिनींची केळीची पानं

हॅलो?… हां, बोल सुजयदादा… हो रे, लॅपटॉप समोरच आहे. ते डॉकर सॉफ्टवेअर टाकलं, तू पाठवलेली सेटिंगची फाईल टाकली, कमांड दिली… हो, हो, दोन्ही कंटेनर चालू झाले. एकात ॲप, एकात डेटाबेस… उघडलं ना, मामाच्या वाडीचं ॲप दिसतंय.

आता काय?… रीसेट?… सगळ्या ऑर्डरी पुसायच्या? थांब जरा.

अरे, घाबरत नाहीये! तूच म्हणालास ना, कंटेनर म्हणजे सगळं आपल्या लॅपटॉपवरच, बंद डब्यात, खऱ्या ॲपला धक्का नाही… हो, ऐकलं. नावं खोटी, तूच भरलेली… मग ही सुरुची कोण?

अरे, आमच्या आचोळ्यातल्या, खालच्या मजल्यावरच्या सुरुचीवहिनी! सकाळीच जिन्यात भेटल्या. उद्या बारसं आहे, म्हणाल्या, तुमच्या मामांकडून केळीची पानं मागवलीत. तीच पानं माझ्या स्क्रीनवर कशी?

योगायोग?… बरं, एवढी घाई का तुला? दाब, दाब काय लावलंयस?… थांब. आई! अगं आई, मामाच्या ॲपवर एक शहाळं मागव ना… अगं पिते नंतर, आधी मागव!

…आलं. दादा, आईचं शहाळं आलं इथे. काय म्हणतोस आता?

काही दाबत नाही मी. फाईल उघडतेय… हा बघ, डेटाबेसचा पत्ता. हा तर खऱ्या सर्व्हरचा! डब्यातला डेटाबेस रिकामा पडलाय बिचारा. दाबलं असतं तर नंदाखालच्या वाडीवरून उद्या कुणाला काय द्यायचं, मामाला कळलंच नसतं. मामाने आत्ताच कुठे ॲपचं काम दिलंय, माझी तर हकालपट्टीच…

काय? जुनी फाईल आली चुकून?… नवीनमध्ये दुरुस्त केलंयस? कधी?

नाही, कधी ते सांग.

नाताळनंतर, म्हणतोस.

दादा… नाताळच्या आदल्या दिवशी ऑर्डरी उडाल्या होत्या. तू आला होतास ना वाडीवर, नवीन लॅपटॉप घेऊन? हेच सगळं मांडून बसला होतास. रीसेट दाबलंस ना?… हळूच ‘हो’ काय, मोठ्याने बोल की!

म्हणजे तुला माहीत होतं. आणि खापर फुटलं वाडी सांभाळणाऱ्या गॉडफ्रे अंकलवर! मामाच्या मोबाईलला हात लावला, सगळ्या ऑर्डरी घालवल्या, म्हणून मामाने हाकललं त्यांना. आयुष्य गेलं त्यांचं त्या वाडीत… अरे, चोर सोडून संन्याशाला फाशी! कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतंच मला, पण तू असशील असं नव्हतं वाटलं रे.

घरातली गोष्ट घरात? का? अंकल काय बाहेरचे होते? लहानपणी नारळाच्या झाडावरून तुला उतरवलं कुणी?… नाही, मी ऐकणार नाही. मामाला फोन लाव. आत्ता… मग मी सांगते… रडू नकोस, अंकल रडले होते तेव्हा तू समोर उभा होतास… हॅलो? सुजयदादा?… हॅलो?

कापला.

आई, मामाचा नंबर लाव गं… नको, थांब. आधी गॉडफ्रे अंकलचा.