सासूबाई बसल्या म्हणून

...अहो, मूठ जाते म्हणून कुणी चाकं पास करतं का? तुम्हीच सांगा! गाडी घेतली विजेवरची, झकास, पण कंपनीची चाकं अशी की वाटावं पैलवानाला पोराचे बूट घातलेत. म्हणून मी मोठी, रुंद, काळी कुळकुळीत चाकं बसवून घेतली. चाकवाल्यानं गाडी जॅकवर उचलली, टायर आणि मडगार्डच्या मधे मूठ घातली आणि म्हणाला, 'मूठ जाते साहेब, काळजी सोडा.' सोडली की हो मी! आता जॅकवरच्या गाडीची चाकं खाली लोंबतात, तिथं मूठच काय, डोकंही गेलं असतं... पण माझं डोकं तेव्हा होतं कुठे?

म्हणून म्हणतो, सासूबाई बसल्या म्हणून बरं!

एकटा चालवत होतो तोवर हूं की चूं नाही. मग सासूबाई आल्या चार दिवस राहायला. बसल्या मागे, खिडकीशी. पहिला खड्डा आला आणि... खर्र्र! या गाडीला इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे अब्रू झाकायची सोय नाही. आता बोलायचं कुणी? बायकोनं नुसतं बघितलं, त्या बघण्याचा अर्थ 'आईच्या वजनाचा विषय काढून तर बघा.' मी आपला म्हणतो, 'सासूबाई, जरा मधे सरकता का? हवा छान लागते.' सरकल्या बिचाऱ्या. खर्र्र, आता दोन्हीकडून!

'थांबवा गाडी,' त्या म्हणाल्या. 'मी जड आहे हे मला ठाऊक आहे, जावईबापू. पण उद्या माझी लेक आणि नातवंडं हीच गाडी घेऊन डोंगर उतरणार आहेत. आधी दाखवून आणू.'

गेलो. चाकवाला पुन्हा जॅक घेऊन हजर. 'मूठ जाते हो आजी...' सासूबाई म्हणाल्या, 'जॅक राहू दे. गाडी जमिनीवर, मी आत. आता घाल मूठ.' मूठ कसली, नख जाईना! बॅटरीमुळे गाडी आधीच वजनदार, माणसं बसली की आणखी दबते, आणि मडगार्डची आतली कड टायर सोलत राहते. टायरच्या कडेला आतले धागे दिसत होते हो! उतारावर फुटलं असतं तर... तुम्हाला सांगतो, सासूबाईंचा हात धरून म्हटलं, 'आई, तुमचे उपकार कसे फेडू?' लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आई म्हटलं. त्या म्हणाल्या, 'ते नंतर बघू. आधी जुनी चाकं लावून घ्या.'

सासूबाई बसल्या म्हणून बरं!

पण इथं संपतंय होय? आता कुणीही मोठी चाकं मागितली की चाकवाल्याचा फोन, 'आजी मोकळ्या आहेत का?' आणि आजी विणकामाची पिशवी घेऊन दारात तयार. लोकांच्या गाडीत मागे बसतात, दोन ओळी विणतात, 'नख जातं का रे?' म्हणून विचारतात. नाही म्हटलं की चाकं परत! मुक्काम होता चार दिवसांचा, आता पाऊस संपेल... उन्हाळा संपेल... मुक्काम काही संपत नाही. रोज सकाळी हाक येते, 'जावईबापू, चला, कामावर उशीर होतोय.' मी त्यांना सोडायला निघतो. बायको-पोरं धडधाकट घरात बसलीत... तक्रार करायला मला तोंड कुठंय?