सोनबा उठेपर्यंत

…आणि वर मलाच बोलतात, सोनबा, तब्येत सांभाळ! अरे, तब्येतच सांभाळत होतो ना मी? डाक्टरनं सांगितली तश्शी! उठायची घाई नाय, सावकाश उठायचं. तर गावाला तेपण बघवलं नाय.

तुमाला सांगतो, आमच्या कापडे गावात रीत हाय. पंगतीत जो वयानं वडील, तो उठल्याबिगर बाकीच्यांनी बूड हलवायचं नाय. हात सुकू दे, पायाला मुंग्या येऊ दे, बसायचं. आणि वडील कोण? तर मी! माझ्याहून मोठा गोमाजी होता, तो गेल्या शिमग्याला गेला, नि मान आला माझ्याकडं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. घरात हाय कोण? रखमा जाऊन सहा वर्षं झाली, पोरगा दत्ताराम मुंबईला गिरणीत, चुलीपाशी मी नि मांजर, नि मांजरपण जेवणापुरतंच. माणसांत बसून चार घास खायचे ते पंगतीला.

तर हैबतीच्या नातवाचं बारसं. हैबती म्हणजे माझा शेजारी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. वडे हाणले, खीर दोनदा घेतली, सगळी पंगत माझ्या तोंडाकडं बघतेय, आता उठेल, मग उठेल, नि मी आपला रुबाबात उठलो ताडकन… आणि डोळ्यांपुढं काळोख! शुद्धीवर आलो तर कुठं? बाजूच्या महिपतच्या खिरीत. हैबतीची बायको तुळसा, ती वरडते, 'देव आला गो अंगात, विचारा काय ते!' आणि महिपत, खिरीनं माखलेला, हात जोडून विचारतो काय, तर हरवलेली म्हैस कुठं गावेल? आता मी कुठं हाय तेच मला कळत नाय, नि ह्याची म्हैस कुठून सांगू? नदीपलीकडं, बोललो. नि मेली खरंच तिथंच गावली! मग काय विचारता, दोन दिवस दारात रांग.

हैबती मात्र शहाणा. त्यानं बैलगाडीत घालून मला महाडला नेलं. तिथं नवा डाक्टर, मुंबईला शिकून आलेला, मिशी अजून फुटतेय. त्यानं माझ्या दंडाला पट्टा बांधला, रबराचा फुगा दाबला, निजवून पारा बघितला, उभं करून बघितला, तर पारा सरकन खाली! मग मनगट धरून बसला. बराच वेळ बसला हो. किती वर्षांनी कुणी असा हात धरला होता माझा… तेव्हा मोजलं असतं तर पारा नळीभायेर गेला असता.

'आजोबा,' बोलला तो, 'माणूस उभा राहिला की रक्त पायांत उतरतं. मानेतल्या मोठ्या नाडीपाशी बारीक मज्जातंतू असतात, ते लगेच मेंदूला कळवतात. मेंदू हुकूम सोडतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात चालतं आणि रक्त डोक्याला पोचतं. तुमच्या वयात हा निरोप जायला उशीर होतो.'

मी बोललो, उशिरा तरी जातो ना? दत्तारामला दिवाळीत कागद धाडलाय, आता चैत लागला, अजून उत्तर नाय. तो हसला नाय. त्यानं सांगितलं ते एवढंच, की आधी पाय हलवायचे, पोटऱ्या आवळायच्या, शंभर मोजायचे नि मग उभं ऱ्हायचं. उठायची घाई नाय, सावकाश उठायचं.

आता पुढली पंगत ऐका. जेवण आटपलं, मी पाय पसरले, पोटऱ्या आवळल्या नि लागलो मोजायला. चाळीस माणूस बसलंय, हाताला भात सुकतोय, करतील काय? लागली बोलायला! कुणी रखमाची आठवण काढली, तिच्या हातच्या घावण्यांची. कुणी विचारलं, दत्ताराम कधी येतोय. अहो, वर्षाचं बोलणं एका बैठकीत झालं! साठावर आकडा चुकलो नि परत एकपासून धरला.

मग काय… गोडी लागली. पूजा असो, बारावं असो, मी आपला मोजतोय. तिसऱ्या पंगतीला तर अंधारी येतच नव्हती, ताडकन उठलो असतो. पण तुमीच सांगा, का उठू? उठून जाऊ कुठं? डोळे मिटले नि बोललो, थांबा रे, निरोप अजून पोचला नाय. डाक्टरचा हुकूम हाय, उठायची घाई नाय, सावकाश उठायचं!

दाराआडून तुळसा बोलली, 'सोनबा भावजी, बायका अजून उपाशी हायत.' खरंच होतं तिचं. लाज वाटली. तरी वीस मोजलेच मी.

दुसऱ्या दिवशी हैबती आला. उंबऱ्यावरच बसला. तंबाखू चोळायला लागला.

'सोनबा,' बोलला, 'तू आता घरीच बस. जेवणाचं पान मी धाडीन. गावात पयलं पान तुझंच.'

'नि पंगतीत वडील कोण?'

'आता मी,' बोलला. खाली मान घालून बोलला, त्याला पण बरं नव्हतं वाटत.

शब्दाला जागतो हो हैबती. पान येतं, ऊन ऊन, वरून तूप. परवा पूजेचं आलं. जेवलो, पाय पसरले, पोटऱ्या आवळल्या, मोजायला लागलो. तिकडून पंगतीचा गलका ऐकू येत होता. बारावर थांबलो. कुणाचा हात सुकतोय इथं? उठलो ताडकन! आली अंधारी, खरीखुरी. भिंत धरली, जरा वेळानं गेली. मग वाकून माझं उष्टं मीच काढलं. आता घरात पयली पंगत माझीच, नि शेवटची पण माझीच.