टोकियोच्या पट्टीतला घूं

...आणि वर आमची सुमिए म्हणते, "अहो, आज तेंपुराला राळेचा वास कसा येतोय?" आता कसा येतोय काय कसा येतोय! तळणाच्या त्या लांब चॉपस्टिक तिच्या आईनं दिलेल्या, बांबूच्या, आणि सकाळभर मी त्याच घेऊन अँप्लिफायरच्या पोटात ढोसत बसलो होतो, तिथे सोल्डरच्या प्रत्येक जोडावर राळ. नाही, पण मला सांगा, दुसरं काय घेऊन ढोसणार? आत चारशे व्होल्ट नांदतायत, बोट घातलं तर मी थेट पूर्वजांच्या फोटोशेजारी. म्हणून हा धंदा करणारे सगळेच बांबूची काडी घेतात, एकेक तार हलवून बघतात, कुठली तार हलवल्यावर आवाज बदलतो ते. मी सगळ्या हलवल्या. आणि आतून आपलं... घूंऽऽऽऽ.

हा घूं म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो. व्हॉल्व्हचा अँप, जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे ना, तसले दिवे लावलेला, घरी बनवला आणि चालू केला की पहिल्यांदा काय व्हायला पाहिजे? काही नाही! दिवे लागायला पाहिजेत आणि शांतता पाहिजे. माझे दिवे लागले. इतके सुंदर लागले की मी सुमिएला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. ती म्हणाली, छान आहे, पण हा फ्रिजसारखा का वाजतोय?

घूंऽऽऽऽ.

तुम्ही म्हणाल, वाजू दे की, एवढं काय! अहो, एरवी वाजू दिलं असतं. या अँपची पेटी आणि सुटे भाग अकरा वर्षं आमच्या कपाटात गाद्यांखाली पडून होते. कॉलेजात आम्ही दोघं, मी गिटारवर आणि तातेवाकी गाणारा. तो ओसाकाचा, मी टोकियोत राहिलो. दर वर्षी भेटलो की मी छाती फुगवून सांगायचो, कुरोइवानं स्वतःच्या हातानं बनवलेल्या अँपवर तू गाशील! आणि घरी आलो की गाद्या आणखी नीट रचून ठेवायचो. मग जानेवारीत त्याचा फोन आला. घशात गाठ. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढायचं, सहा आठवड्यांनी. आणि हा माणूस मला काय म्हणतो? "कुरो, तो तुझा दिव्यांचा डबा तयार आहे का रे? आवाज जायच्या आधी एक गाणं भरून ठेवू म्हणतो."

मी म्हटलं, तयार आहे.

तुम्हाला सांगतो, आयुष्यात एवढं धडधडीत खोटं मी सासऱ्यांशीसुद्धा बोललेलो नाही. तीन आठवड्यांत डबा उभा केला. आणि आता त्याच्या शेवटच्या गाण्यावर हा घूं बसणार? त्याचा आवाज आधीच घासलेला, पुसट. त्याच्यापेक्षा मोठ्यानं माझा डबा गाणार?

मग काय, सुरू केलं. दिव्यांना वीज नेणाऱ्या तारा सोडवून त्यांची घट्ट वेणी घातली, नातीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी सुमिएनं घातली नसेल अशी. घूं. कंडेन्सर बदलले. घूं. ट्रान्सफॉर्मर आडवा होता तो उभा केला, उभा केलेला तिरका केला... घूंऽऽऽऽ! शेवटी फोन उचलला, तातेवाकीला लावला आणि रिसिव्हर सरळ स्पीकरसमोर धरला. म्हटलं, कबूल करून टाकू. तर तो म्हणतो कसा, "हा तुमच्या टोकियोचा घूं आहे. आमच्या ओसाकाचा याच्यापेक्षा वरच्या पट्टीत असतो."

आणि खरं आहे हो! आमच्या देशात वीज दोन चालींची. पूर्वेकडे सेकंदाला पन्नास हेलकावे, पश्चिमेकडे साठ. पूर्वीच्या लोकांनी यंत्रं आणली ती इकडच्यांनी एका देशाकडून, तिकडच्यांनी दुसऱ्याकडून, आणि मग दोघांनीही हट्ट सोडला नाही तो आजतागायत. तर इकडचा अँप खर्जात घुमणार, तिकडचा जरा वर. गळ्यात गाठ घेऊन बसलेला माणूस, आणि पट्टी ओळखतोय!

त्यानंतर मी रोज आकिहाबाराला. रुळांखालच्या त्या विजेच्या सुट्या भागांच्या अरुंद बाजारात उगाकी आजोबांची टपरी आहे, वय एक्क्याऐंशी, टपरी दोन दारांएवढी, आणि बोलणं त्याहून कमी. मी त्यांच्यासमोर सगळी कहाणी ओतली, वेणी, कंडेन्सर, गाठ, ओसाका. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "डब्याला हात लावलात की कमी होतो?"

म्हटलं, होतो. हात लावला की एकदम गप्प, काढला की परत.

"मग तुमच्या अंगातून जमिनीत जातोय. तुमच्याऐवजी त्याला एक तार द्या."

बस. एवढंच! त्या दिवशी मला काही विकलं नाही, उलट मी उचललेला आणखी एक कंडेन्सर हातातून काढून जागेवर ठेवला. अशा माणसाच्या पाया पडावंसं वाटतं, पण त्या टपरीत वाकायला जागा नाही.

पण जमीन आणायची कुठून? आमच्या जुन्या इमारतीत भिंतीला दोनच भोकं, अर्थिंग नाही. नळाला तार लावावी तर नळामागचा पाइप प्लास्टिकचा. शेवटी म्हटलं, आपणच जमीन व्हायचं! स्टुलावर बसलो, मोजा काढला, पायाचा अंगठा डब्याला टेकवला आणि वाजवायला लागलो. गेला घूं! पण दहा मिनिटांत पोटरीत असा गोळा आला की मी गिटारसकट कलंडलो. आवाज ऐकून सुमिए आली. विचारते, हे काय चाललंय? म्हटलं, अर्थिंग.

तिनं माझ्याकडे बघितलं, अंगठ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "माझ्या वॉशिंग मशीनला हिरवी तार आहे, ती नाही का चालणार?"

तुम्हाला सांगतो, मी आडवा होतो तो आडवाच राहिलो. अख्ख्या घरात जमिनीशी नातं असलेला एकच स्क्रू, न्हाणीच्या दाराशी, मशीनच्या मागे! बावीस वर्षं तिथे होता! मी त्याच्यासमोर रोज दात घासतो!

मशीनची तार सोडवली, डब्याची बांधली, चालू केलं. दिवे लागले. आणि मग... काही नाही. अहो, काहीच नाही! मी कान स्पीकरला लावला, सुमिएनं लावला. आम्ही दोघं म्हातारी माणसं वॉशिंग मशीनला मिठी मारून उभी, आणि काही म्हणजे काही ऐकू येत नाही म्हणून मला रडू आलं.

रविवारी तातेवाकी आला. लख्ख ऊन. आता आमच्या सुमिएचं असं आहे, ऊन पडलं की ती कपडे धुते, भूकंप होवो काही होवो. त्या दिवशी तिनं मशीनवर अँप ठेवू दिला आणि गच्चीकडे पाठ करून बसली. हे उपकार मी जन्मात फेडणार नाही. तार दीड हातच होती, म्हणून मी मशीनला चिकटून गिटार घेऊन उभा आणि तातेवाकी आत न्हाणीत, अंघोळीच्या बुटक्या स्टुलावर. गाणं आमचंच, कॉलेजात केलेलं, एका ताकोयाकीवालीवर, ऑक्टोपसचे गरम गोळे विकणारीवर, जिनं आम्हा दोघांनाही कधी भाव दिला नाही. न्हाणीतल्या फरशांनी त्याचा पुसट आवाज असा उचलून धरला... तिसऱ्या कडव्यात फाटला. मी थांबलो. तो म्हणाला, "राहू दे तसाच. फाटला तरी माझाच आहे." शेवटी टेपवर नाक ओढल्याचा आवाज आहे. सुमिए म्हणते सर्दी होती. असेल.

बुधवारी आवाज गेला.

मग दोन महिने नुसते मेसेज. आणि मग एका रविवारी सकाळी दहाला फोन वाजला, उचलला, तर पलीकडून... घूंऽऽऽऽ. मी रिसिव्हर टाकून न्हाणीकडे पळालो! डबा बंद. तार जागेवर. परत आलो, फोन कानाला लावला, तर त्या घूंमधून एकेक शब्द वर यायला लागला. "कु...रो. मी...च." गळ्याला टेकवायचं छोटं यंत्र मिळालंय त्याला, ते घुमतं आणि हा नुसते ओठ हलवतो. म्हणाला, पट्टी लावायला बारीक स्क्रू आहे, ओसाकाची लावून घेतली. मग म्हणाला, टेप ऐकली, छान आहे, पण फार शांत वाटतं रे. हिरवी तार काढ. दोघं मिळून गाऊ.

म्हटलं, अरे, तू वरच्या पट्टीत, माझा डबा खर्जात, जुळायचं कसं?

"आपण... कधी... जुळलो होतो?"

तर काढली तार. आणि खोटं नाही सांगत, जुळतात हो! डब्याचा सा धरला तर त्याचा बरोबर कोमल गंधार लागतो! आता दर रविवारी दहाला तास-तास हे चालतं. डबा अजून मशीनवरच, मी फोन स्पीकरवर टाकून त्याच्यावर ठेवतो, तो पहिल्यापेक्षा दुप्पट बोलतो, निम्मं कळत नाही, आणि मी देवाचे, डॉक्टरांचे, उगाकी आजोबांचे आभार मानत ऐकत बसतो. काल सुमिए मळक्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "अहो, ऊन चाललंय. त्यातला एक तरी घूं बंद करा."

मी विचारलं, कुठला?

ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग टोपली ठेवली, आणि कपडे बादलीत, हातानं धुवायला बसली.