बाकडूचा डावा कान

…आणि कान खाली पडत नाही म्हणून कुत्रं परत करायचं? सदरा आहे का तो, कॉलर चुकली म्हणून परत द्यायला?

तुम्हाला सांगते, आमचे हे शिंपी. जन्म गेला लोकांची मापं घेण्यात, आता मुक्या जनावरापुढे टेप घेऊन बसलेत! जात म्हणे डॅशहाउंड. चार बोटांचे पाय आणि लांबच लांब धड, उभं राहिलं की बसायचं बाकडं वाटतं, म्हणून मी नाव ठेवलं बाकडू. विकणाऱ्यानं यांच्या डोक्यात भरवलेलं… शेपूट पाठीच्या रेषेत हवी, छाती पुढे हवी, दोन्ही कान गालावर लोंबते हवेत. बाकडूचा उजवा लोंबतो. डावा, मी तोंड उघडलं की ताडकन उभा! आता यात कुत्र्याचा काय गुन्हा?

हे म्हणाले, "कुत्र्यांच्या प्रदर्शनात पास झालं तर ठेवू, नाहीतर बदलून आणू." बदलून! माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपतं हो ते!

प्रदर्शनाच्या दिवशी मला ताकीद, "तू बोलायचं नाही." मी? मी गप्प बसले तर शेजारीण डॉक्टर बोलावते! पण बसले, बाकडूसाठी. आणि यांनी काय करावं? पडदा नीट पडेना की खाली वजन लावतात ना, तसं डाव्या कानाला आतून कोटाचं बटण चिकटवलं! पडला बरं का कान… झोकात.

परीक्षकबाई आल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बाकडूला टेबलावर चढवलं, ओठ वर करून दात बघितले, शेपूट ओढली, पोटाखाली हात घातला. "पाय जरा आखूडच…" अहो, आखूड पायांचीच जात ना ती? तरी मी गप्प. मग म्हणतात, "चेहऱ्यावर हुशारी नाही."

झालं! "ओ बाई, तुमच्या तोंडात कुणी बोटं घातली असती तर तुमच्या चेहऱ्यावर काय दिसलं असतं? यात कुत्र्याचा काय गुन्हा?"

माझा आवाज ऐकला मात्र, डावा कान ताडकन वर! बटण उडालं ते टण्णकन बाईंच्या चष्म्यावर! बाईंनी ते उचललं. "हे काय आहे?" आणि आमचे हे, धंद्याची सवय, म्हणतात, "चार भोकांचं आहे, कोटाला बसतं."

बाद!

घरी येताच यांनी पिशवी काढली, "चला, बदलून आणतो." मी टेप उचलला आणि यांच्याच पोटाभोवती गुंडाळला. टेप पुरेना हो! म्हटलं, "मापात नाही ते परत करायचं ना? मग आधी तुम्हाला सासूबाईंकडे पोचवते!" पिशवी मुकाट्यानं खुंटीला गेली.

राहिला बाकडू. आता रोज मी ओरडते, "जेवायला चला!" हे मशीनवरून मान वर करत नाहीत, लेक मोबाइलमधून बाहेर येत नाही, सून "आलेच हं आई" म्हणते आणि तिथेच बसते. माझ्या आवाजाला अख्ख्या घरात एकच कान उभा राहतो…

आणि तोच म्हणे दोष!